‘अंदाजाने’ म्हणजे नक्की किती?

आपल्या घरातल्या कुठल्याही जाणत्या बाईला एखादा पदार्थ कसा केला म्हणून विचारून बघा. साहित्य ती भराभर सांगेल, कृतीही सांगेल. पण ‘किती घ्यायचं?’ असं विचारलंत की उत्तर ठरलेलं, ‘अगं, अंदाजाने!’ मीठ अंदाजाने, गूळ अंदाजाने, मसाला भाजायचा तोही अंदाजाने. शिवणटिपणातही तेच. ‘थोडं अंतर सोडायचं, बारीक टाका घालायचा, झालं!’ विचारणारी नवी सून किंवा लेक मान डोलावते आणि मग स्वयंपाकघरात एकटीच ‘अंदाजपंचे’ करत बसते.

पण अंदाज आणि अंदाजपंचे यांत फार फरक आहे. एका बाईने चाळीस-पन्नास वर्षं तोच पदार्थ केला की तिच्या हाताला, नाकाला, कानाला त्याचं माप ठाऊक होतं. ते माप नक्की असतं, फक्त ते आकड्यात नसतं. आपण ‘त्यांच्या हातालाच चव आहे हो’ असं म्हणतो. कौतुक होतं, पण चव काही पुढच्या हातात जात नाही.

मापं नव्हती असं नाही. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही हाताची मापं. वीत, हात, चार बोटं ही शिवणाची. धान्याला चिपटं-मापटं होतं, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेर म्हणजे पायली. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने बाजारात किलो-ग्रॅम आले. स्वयंपाकघरात मात्र मूठ आणि चिमूटच राहिली. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ करणं किती सोपं असतं, हे घराघरांत कळलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींचे संसार त्या पुस्तकाने सावरले. पण पुस्तकात सगळ्यांसाठीचं मेतकूट असतं. आपल्या घरातलं मेतकूट असतं ते आपल्याच घरातल्या कुणाच्या तरी हातात. ते हात थकले की काय करायचं?

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात अगदी खराखुरा उभा राहिला. माझ्या सासूबाई, वय वर्षं एक्क्याऐंशी, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नेमकी त्याच सुमारास लेक बाळंतपणासाठी घरी आली होती, सातवा संपत आला होता. बाळंतिणीला मऊ भात, तूप, मेतकूट द्यायचं ही आमच्याकडची रीत, आणि मेतकुटाची बरणी तळाला गेलेली. बाळासाठी गोधडी शिवायला म्हणून आईंनी जुनी सुती लुगडी धुऊन घडी करून ठेवली होती, त्यांना अजून कात्रीही लागली नव्हती. दोन्ही कामं आजवर त्यांचीच. आणि उजवा हात गळ्यात!

‘‘मी सांगते, तुम्ही करा,’’ आई म्हणाल्या. बोलणं सोपं होतं. पहिल्याच मिनिटाला गाडी अडली.

‘‘आई, हरभऱ्याची डाळ किती?’’

‘‘घे ना. घालायची तेवढी.’’

लेक हसायला लागली. तिला सगळं ग्रॅममध्ये हवं. तिने ओट्यावर छोटा वजनकाटा ठेवला, त्यावर परात ठेवली आणि आजीला समोर खुर्ची दिली. ‘‘आजी, तुझ्या मुठीने घाल.’’ आईंनी डाव्या हाताने मूठभर डाळ उचलली, पाहिली आणि परत डब्यात टाकली. ‘‘डाव्या हाताचा अंदाज नाही गं मला.’’

मग आम्ही उलटं केलं. लेक परातीत डाळ ओतत राहायची, आई बघत राहायच्या. ‘‘अजून... अजून थोडी... बास.’’ काटा दाखवत होता २०५ ग्रॅम. तांदूळ, ‘‘बास’’, ९८ ग्रॅम. गंमत म्हणून लेकीने दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ मांडला. डाळ १९५. तिसऱ्या दिवशी २००. डाळ तीच, परात तीच, फरक फार तर दहा ग्रॅमचा! याला कोण अंदाजपंचे म्हणेल? जाता जाता आईंची डावी मूठ आणि माझी मूठ तांदळाने भरून तोलली. त्यांची ४० ग्रॅमची, माझी ५५. म्हणजे ‘दोन मुठी तांदूळ’ असं वहीत लिहून ठेवलं असतं तरी त्यांच्या आणि माझ्या हिशेबात ३० ग्रॅमचा फरक पडला असता. मूठ कुणाची, हेही लिहावं लागतं, हे तेव्हा कळलं.

वजन झालं तरी काम अर्धंच झालं होतं. खरी मेख भाजण्यात. मेतकुटातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी भाजायची, कारण प्रत्येकीचा भाजायचा वेळ वेगळा. सगळं एकदम कढईत टाकलं तर हरभऱ्याची डाळ कच्ची आणि मेथ्या काळ्या. लेक मोबाइलवर मिनिटं मोजायला लागली तेव्हा आई म्हणाल्या, ‘‘घड्याळ नको बघूस, डाळ बघ.’’ मग एकेक खूण बाहेर येऊ लागली. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन किंचित फुलले की झाले. गहू तडतडायला लागले की उतरवायचे. हरभऱ्याची डाळ गुलाबीसर झाली की एक दाणा गार करून दाताखाली धरायचा, कुटकन तुटला पाहिजे. मेथ्यांच्या बाबतीत रंगाची वाट बघायचीच नाही, वास सुटला की लगेच बाहेर, नाहीतर सगळं मेतकूट कडू. हे सगळं त्या गेली साठ वर्षं करत होत्या, पण शब्दांत त्यांनी ते कधी मांडलं नव्हतं. हात मोकळा असता तर त्या दिवशीही मांडलं नसतं. ‘‘सर बाजूला, मीच करते,’’ म्हणाल्या असत्या.

लेकीने वहीत दोन रकाने केले. एकात माप, दुसऱ्यात खूण. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. नुसतं माप लिहिलं तर कढई बदलली, गॅस बदलला, डाळ जुनी निघाली की फसतं. नुसती खूण लिहिली तर सुरुवात कुठून करायची ते नव्या मुलीला कळत नाही. दोन्ही शेजारी शेजारी हवीत.

मग गोधडीची पाळी. कुणी तिला वाकळ म्हणतं, कुणी लेपडं. आपल्याकडे लुगडं असं सहजासहजी रिटायर होत नसे. नऊवार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. ते आधी विरतं मध्ये. मग विरलेला भाग कापून चांगली टोकं जोडायची, म्हणजे ‘दंड’ घालायचा. दंड घातलेलं लुगडंही विरलं की त्याची गोधडी, आणि गोधडी फाटली की पायपुसणं नाहीतर पोतेरं. शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुसरं काही नसतं, म्हणून तर तान्ह्या बाळाला नवं सोडून जुन्याची ऊब द्यायची.

इथेही ‘अंदाज’ होताच, पण आता आम्ही तयार होतो. बाळाच्या गोधडीला साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद कापड पुरतं. वर-खाली एकेक चांगला पदर आणि आत तीन विरलेले, असे पाच पदर. त्याहून जास्त घेतले तर सुई चालत नाही आणि गोधडी वाळायला दोन दिवस घेते. जरीचे काठ काढून टाकायचे, ते बाळाला टोचतात. हूक, बटणं, जाड शिवणी असलेलं कापड आत घ्यायचं नाही. सगळे पदर जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढायच्या, मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे, कडा आत दुमडून आधी चारी बाजू शिवायच्या. मग कडेकडेने आत आत जात धावदोरा घालायचा, चौकोनात चौकोन. ‘‘दोन ओळींत दोन बोटं,’’ आई म्हणाल्या. लेकीने आजीची बोटं पट्टीवर ठेवली. तीन सेंटिमीटरला थोडं कमी. ‘‘आणि टाका तांदळाएवढा.’’ म्हणजे सहा-सात मिलिमीटर. गाठ वर ठेवायची नाही, दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्यायची, म्हणजे बाळाच्या अंगाला लागत नाही. दोरा जाड, सुती आणि पक्क्या रंगाचा.

एक गोष्ट लेकीच्या डॉक्टरांनी सांगितली, तीही वहीत गेली. तान्हं बाळ झोपलेलं असताना गोधडी त्याच्या तोंडावर येईल अशी पांघरायची नाही, पाळण्यात सैल पांघरुणं, उशा ठेवायच्या नाहीत. बाळ जागं असताना खाली अंथरायला किंवा मांडीवर घेताना ती वापरायची. आईंना हे आधी पटेना. पण ‘‘आमच्या वेळी नव्हतं असं,’’ म्हणून झाल्यावर त्यांनीच कामवालीला तेच समजावून सांगितलेलं मी ऐकलं!

त्या सहा आठवड्यांत आजी-नातीचं जे मेतकूट जमलं, ते बरणीतल्या मेतकुटापेक्षा खमंग होतं. आई खुर्चीत, लेक पोट सांभाळत सतरंजीवर, मध्ये पसरलेली गोधडी. टाका लांबला की आजी लगेच, ‘‘उसव.’’ लेक कुरकुरायची, उसवायची. शिवता शिवता कुठलं लुगडं कुणाचं, कुठल्या सणाला घेतलेलं, हेही निघायचं. तेही लेकीने एका पानावर लिहिलं.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले. पण उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. सुई धरली की दोन टाक्यांत बोटं आखडतात. आई आता गोधडी शिवत नाहीत. जड कढईही उचलत नाहीत. आमच्या घरातलं मेतकूट मात्र चालू आहे, बाळ बारा दिवसांचं व्हायच्या आत गोधडीही पुरी झाली. पहिल्या ओळींतले टाके लांब-आखूड आहेत, मधल्या चौकोनापर्यंत येता येता ते तांदळाएवढे झाले आहेत.

तुमच्याही घरात असा एखादा पदार्थ, एखादं हातकाम असेलच. आई-सासूबाईंचा गोडा मसाला, आत्याची सांडगी मिरची, मावशीच्या फुलवाती, शेजारच्या काकूंचा कुरडईचा चीक. त्यासाठी हात मोडायची वाट बघायला नको. एक दिवस ठरवा. त्यांना खुर्चीत बसवा आणि करायला तुम्ही घ्या. त्या स्वतः करू लागल्या की हात बोलतो, तोंड बोलत नाही. वजनकाटा नसेल तर वाटी एकच ठेवा आणि ती वाटी पाण्याने भरून किती मिलिलिटरची आहे ते लिहा, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी. ‘थोडा वेळ’ म्हणाल्या की ‘कशावरून कळतं?’ असं विचारा. रंग, वास, आवाज, स्पर्श, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. शक्य असेल तर दोनदा करून पाहा, दोन्ही वेळची मापं जुळतात का बघा. वरती तारीख आणि कुणाच्या हातचं ते नाव घाला. मोबाइलवर चित्रीकरण करा, पण वहीही ठेवा. पिठाच्या हाताने मोबाइल कोण उघडणार?

आमच्या वहीतलं पहिलं पान खाली देत आहे.

आईंचं मेतकूट

साहित्य : हरभरा डाळ २०० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, उडीद डाळ, मूग डाळ आणि गहू प्रत्येकी ५० ग्रॅम, धने २ मोठे चमचे, जिरे २ लहान चमचे, मोहरी १ लहान चमचा, मेथ्या पाऊण लहान चमचा, मिरे ८-१०, सुंठपूड, हळद व लाल तिखट प्रत्येकी १ लहान चमचा, हिंग अर्धा लहान चमचा, किसलेलं जायफळ चिमूटभर.

कृती : धान्यं आणि डाळी निवडून स्वच्छ फडक्याने पुसून घ्याव्यात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, तेल न घालता, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. धने-जिरे, मोहरी, मिरे आणि मेथ्या शेवटी, कढई गरम असताना थोडक्यात भाजाव्यात. सगळं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावं. गरम दळलं तर वाफ धरते आणि मेतकूट लवकर खराब होतं. मिक्सरवर बारीक दळून चाळावं. सुंठ, हळद, तिखट, हिंग, जायफळ मिसळून पुन्हा एकदा चाळावं. कोरड्या काचेच्या बरणीत भरावं, चमचा कोरडाच घालावा.

मीठ यात घालायचं नाही, ते खाताना. गरम मऊ भात, वर तुपाची धार आणि दोन चमचे मेतकूट. दह्यात कालवून पोळीबरोबरही छान लागतं.