अंग भरत नाही, पण दोष वरणाचा नाही

कामठी हे १८२१ पासूनचं छावणीचं गाव. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. त्यामुळे अग्निवीर आणि पोलीस भरतीची तयारी हा इथल्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरात रोजच्या बोलण्यातला विषय असतो. पोलीस भरतीत छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढावी लागते. सैन्यात उंचीच्या प्रमाणात वजनही पाहतात. मुलगा सोळाशे मीटर छान पळतो, फुटबॉल खेळतो, दिवसभर पायाला भिंगरी असते. पण काटा पन्नाशीच्या पुढे सरकत नाही आणि छातीची टेप भरत नाही. त्यात घर शाकाहारी असलं की निदान तयारच असतं: घासफूस खाऊन कुठं अंग भरतं का, अंडी-मटण सुरू कर, नाही तर पावडर घे. नातेवाईक, जिमवाला, बरोबरीची मुलं, सगळे हेच सांगतात. हे निदान चुकीचं आहे आणि त्यामुळे नुकसानही होतं. मुलगा ताटातल्या वरणाला दोष देत बसतो आणि खरी उणीव तशीच राहते.

आधी स्नायूंना किती प्रथिनं लागतात ते पाहू. व्यायाम न करणाऱ्या प्रौढासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवलेलं प्रमाण आहे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. वजनं उचलून स्नायू वाढवणाऱ्यांना जास्त लागतं. त्यावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आढावा २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला. ४९ अभ्यास आणि अठराशेहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून त्यात असं दिसलं, की दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास गेल्यावर आणखी प्रथिनं खाऊन स्नायूंत विशेष भर पडत नाही. हे अभ्यास बहुतांशी प्रौढांवरचे असले तरी वाढीच्या वयातल्या खेळाडूंनाही याच्या जवळपासचेच आकडे सुचवले जातात. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ८० ग्रॅम. जिममध्ये ऐकू येणाऱ्या दीडशे-दोनशे ग्रॅमच्या गप्पा त्यानं विसराव्यात.

आता ही ८० ग्रॅम प्रथिनं शाकाहारातून आली तर स्नायू ती नाकारतात का? ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचीच परीक्षा घेतली. १९ तरुण मिश्राहारी होते आणि १९ तरुण दूधसुद्धा न घेणारे शाकाहारी. दोन्ही गटांना दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं मिळतील अशी व्यवस्था केली आणि बारा आठवडे पायांचा एकसारखा व्यायाम दिला. स्नायूंचा आकार आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. शाकाहारी गटाला वरून सोयाची पावडर दिली होती, असा आक्षेप यावर घेता येईल. तो रास्त आहे, पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की प्रमाण पूर्ण व्हायला हवं. ते सोयाबीनमधून पूर्ण झालं तरी स्नायूंची तक्रार नसते, आणि सोयाबीन विदर्भाच्या शेतात पिकतं. शिवाय आपला मुलगा दूध-दही खातो, म्हणजे त्या तरुणांपेक्षा त्याची वाट सोपीच आहे.

मग अंग का भरत नाही? त्यासाठी एका दिवसाचं ताट तोलून पाहावं. असा मुलगा दिवसभरात आठ पोळ्या खातो असं धरा. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी, म्हणजे २४० ग्रॅम कणीक: साधारण ७७० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं. कच्चा १०० ग्रॅम तांदूळ: साडेतीनशे कॅलरी आणि ८ ग्रॅम. पातळ वरणात प्रत्यक्ष तुरीची डाळ ३० ग्रॅम: शंभर कॅलरी आणि ६ ग्रॅमच्या वर थोडं. भाजी, फोडणीचं तेल आणि तीन कप चहा मिळून पाचएकशे कॅलरी. बेरीज जाते सतराशेच्या आसपास, प्रथिनं चाळीस. आता दुसरी बाजू पाहा. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात १६ ते १८ वर्षांच्या, ६४.४ किलोच्या मुलासाठी रोजची गरज ३३२० कॅलरी दिली आहे. मध्यम श्रमाचं काम करणाऱ्या ६५ किलोच्या प्रौढ पुरुषाची गरज २७१० आहे. म्हणजे वाढत्या वयातल्या मुलाला आपल्या कमावत्या वडिलांपेक्षा जास्त अन्न लागतं, आणि घराघरांत वाढणी मात्र बहुधा उलट्या क्रमानं होते. पन्नास किलोला त्याच प्रमाणात आणलं तरी गरज अडीच हजारांवर जाते. त्यावर धावणं वेगळं. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जळते. आठ किलोमीटरचा सराव म्हणजे पन्नास किलोच्या मुलाचे चारशे गेले.

इथे खरं कारण हाती लागतं. प्रथिनं कमी आहेत, हे खरं. पण त्याहून मोठी तूट एकूण अन्नाची आहे. इंधनच अपुरं असेल तेव्हा शरीर खाल्लेली प्रथिनंसुद्धा इंधन म्हणून जाळतं, स्नायू बांधायला शिल्लक फार उरत नाही. अशा मुलाला नुसता पावडरीचा डबा दिला तर त्यातली महागडी प्रथिनंही त्याच भट्टीत जातात. उलट ही तूट घरच्या वस्तूंनी भरून निघते का ते पाहा. म्हशीचं अर्धा लिटर दूध: ५३५ कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं. पन्नास ग्रॅम फल्लीदाणे: २६० कॅलरी, १२ ग्रॅम. पन्नास ग्रॅम फुटाणे: १८० कॅलरीच्या घरात, ११ ग्रॅम. एकूण सुमारे पावणेदहाशे कॅलरी आणि ४१ ग्रॅम प्रथिनं. दोन्ही आकडे एकदम गरजेजवळ पोचतात. आणि यातलं एकही नाव ऐकून कोणाच्या घरात वाद होणार नाही.

यावर आईचं म्हणणं ठरलेलं: तो खूप खातो हो, पण अंगीच लागत नाही. तिच्या नजरेत खोट नाही, कारण तिला त्याचं रात्रीचं ताट दिसतं. ते खरंच भरलेलं असतं. पण सकाळी अर्धी बशी पोहे, दुपारी कॉलेजच्या नादात एखादा आलुबोंडा आणि संध्याकाळी पळून आल्यावर मेलेली भूक हे तिच्यासमोर घडत नाही. शिवाय आपलं जेवण पोट फुगवणारं असतं. शिजलेला भात आणि पातळ वरण यांत पाणी भरपूर. पोट भरतं, पण अन्न तितकं जात नाही. एका वाटी पातळ वरणात पाचएक ग्रॅमच प्रथिनं असतात, म्हणून डाळ पाण्यात वाढवण्यापेक्षा घट्ट करावी. गोळाभातावर फोडणीचं गरम तेल ओतायची आपल्याकडची रीत या मुलासाठी अगदी योग्य आहे: ताटाचा आकार तोच, कॅलरी जास्त. जवसाची किंवा तिळाची चटणी, भिजवलेली बरबटी, घट्ट झुणका, तर्री पोह्यातला चणा मुद्दाम जास्त घेणं, यांनी दिवसाचं गणित बदलतं. सोया वडी वापरत असाल तर तीही घ्यावी. कोरड्या १०० ग्रॅम वडीत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मात्र खाणं चार-पाच वेळांत वाटायला हवं, आणि धावून आल्यावर भूक नसली तरी निदान दूध पोटात जायला हवं.

अर्धवट वाचलेल्यांचा एक आक्षेप इथे हमखास येतो: डाळीतली प्रथिनं अपूर्ण असतात, म्हणून ती मोजायचीच नाहीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, इथपर्यंत बरोबर. पण प्रत्येक घासाला त्यांची जोडी जमवलीच पाहिजे हा समज फ्रान्सिस मूर लापे यांच्या १९७१ च्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या पुस्तकातून पसरला, आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. १९९४ मध्ये यंग आणि पेलेट या शास्त्रज्ञांनीही दाखवलं, की दिवसभरात वेगवेगळी वनस्पती-प्रथिनं पोटात गेली की पुरतं. गंमत म्हणजे वरण-भात आणि पोळी-उसळ यांत ती जोडी आपल्याकडे आपोआप जमतेच. पोषण संस्था धान्य, डाळ आणि दूध यांचं ३:१:२.५ असं प्रमाण सांगते. वनस्पतीतली प्रथिनं थोडी कमी पचतात हेही खरं. त्यासाठी दहा-पंधरा टक्के जास्त खावं, आहार सोडून देण्याचं कारण नाही.

मात्र नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. भरतीवाली मुलं पळण्यालाच व्यायाम समजतात. पळण्यानं दम वाढतो, छाती-खांदे भरत नाहीत. त्यांना वाढत जाणारा भार लागतो: जोर, बैठका, बीम, वाळूची पिशवी, असेल तर डंबेल्स. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, पण दर आठवड्याला थोडं अधिक व्हायला हवं. महिनोन्महिने तेच वीस जोर मारणाऱ्याच्या स्नायूंना वाढायला कारणच उरत नाही. पळणं थांबवायचं नाही, भरतीत त्याचेही गुण मिळतात. फक्त त्याचं इंधन वेगळं द्यायचं. असं सगळं जमलं तर महिन्याला एखादा किलो वाढणं ही उत्तम प्रगती आहे. महिन्यात दहा किलोचं आश्वासन देणारा एक तर पाणी आणि चरबी विकतो, नाही तर इंजेक्शन.

पावडरीबद्दल थोडं कडक बोलणं भाग आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळायला सांगतात. त्याच वर्षी केरळच्या डॉक्टरांच्या गटानं भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांवर छापलेली प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. ‘मास गेनर’च्या डब्यात तर मुख्यतः साखरेसारखं पीठच असतं. स्टेरॉइडची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे: वाढीच्या वयात ती घेतली तर हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची कायमची थांबते.

उंचीची भीती मात्र लोक नेमकी उलट्या जागी बाळगतात. वजन उचलल्यानं उंची खुंटत नाही. योग्य देखरेखीखालच्या व्यायामानं वाढीला धोका नसल्याचं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. सोयाबीननं पुरुषत्व घटतं हा समजही तपासला गेला आहे, टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही. केळ्यानं स्नायू येतात हे खोटं, त्यात प्रथिनं नावापुरती; कॅलरीसाठी शिकरण जरूर खावं. दूध-डाळीनं निरोगी मुलाची किडनी बिघडत नाही. आणि शाकाहाराच्या बाजूनं हत्तीचा दाखला देणाऱ्यांनीही तो थांबवावा. हत्तीचं आतडं वेगळं आहे, त्यातून माणसाबद्दल काहीच कळत नाही. शाकाहाराची खरी उणीव बी-१२ ची आहे, आणि दूध-दही कमी असेल तर रक्त तपासून गोळी घ्यावी.

मुलगा खरंच कमी वजनाचा आहे का, हेही शेजारच्या लवकर वयात आलेल्या मुलाकडे पाहून ठरवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते डॉक्टरांकडे असतात, त्यात तो बसतो का ते बघावं. आणि दोन-तीन महिने मोजून खाऊनही वजन हलत नसेल, किंवा घटत असेल, तर आहाराची चर्चा थांबवून सरकारी रुग्णालय गाठावं. जंत, क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, गव्हाची सिलियाक व्याधी यांपैकी काहीही असू शकतं. विदर्भात त्यात सिकलसेल हमखास धरावा. या आजारात मुलं किडकिडीत राहतात आणि वयात उशिरा येतात. अशा मुलाला उन्हात, पाण्याविना जोरानं पळवणं जिवावर बेतू शकतं, म्हणून सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात असं असेल तर ग्राउंडवर पाठवण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी.