क्विल्टचं दुकान (भाग ११) : उरलेलं अस्तर जातं कुठे?

या आठवड्यात आमच्या दरांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण नाशिकच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यांनी मला सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. त्या म्हणतात, ‘क्विल्ट ६० बाय ८० इंचांचा, आणि अस्तर मागता ६८ बाय ८८ चं! चारी बाजूंचं ते चार-चार इंच कापड जातं कुठे? आमच्या सासूबाई जुन्या नऊवारींच्या गोधड्या शिवायच्या. त्यांना बोटभर कापड कधी जास्त लागलं नाही.’

शिंपी कापड मारतो हा आपला पिढीजात संशय. मिसुरीत दुकान टाकलं म्हणून त्यातून सुटका नाही! इथली गिऱ्हाइकंही हेच विचारतात, फक्त जरा गोड बोलून.

सासूबाईंचं बरोबरच होतं. गोधडी जमिनीवर पसरलेली असते आणि शिवणारी बाई तिच्या कडेकडेने सरकत जाते. कापडाला कुणी ओढत नाही, ताणत नाही. धावदोरा घालताना थर सरकला तर हाताने सारखा करायचा आणि पुढे जायचं. आमच्या लाँगआर्मवर, म्हणजे लांब हाताच्या क्विल्टिंग यंत्रावर, सगळा मामला उलटा. इथे क्विल्ट चौकटीवर ताणून बसवलेला असतो आणि यंत्राचं डोकं रुळांवरून त्याच्यावर फिरतं. आमची चौकट १२ फुटांची आहे. तिच्या रोलरना कॅनव्हासचे जाड पट्टे कायमचे लावलेले असतात. अस्तराची वरची कड एका पट्ट्याला, खालची दुसऱ्याला, आणि मध्ये अर्ध्या-पाऊण इंचावर एकेक पिन. बॅटिंग (मधला भरावाचा थर) आणि टॉप (वरचं कापड) त्या अस्तरावर पसरायचे. मी टॉपची खालची कड रोलरला पिनत नाही, मोकळीच सोडतो. म्हणजे ओढाताण सगळी अस्तराच्या वाट्याला. तिघांत तेच एकटं दोन्ही टोकांनी बांधलेलं.

आता चार इंचांचा हिशेब. वर आणि खाली पिनांसाठी थोडी जागा जाते. शिवाय सुईभोवती टाक्यागणिक वर-खाली उडणारा गोल पाय असतो, तो रोलरला खेटून चालू शकत नाही. क्विल्टच्या शेवटच्या इंचापर्यंत सुई पोचायची, तर अस्तर त्याच्याही पुढे जाऊन खालच्या रोलरला धरलेलं हवं. डाव्या-उजव्या बाजूला क्लॅम्प लागतात. अस्तर काठोकाठ असलं की क्लॅम्प क्विल्टच्या अगदी जवळ येतो, यंत्राचं डोकं कडेला जाताना त्यावर थडकतं, आणि नेमक्या त्याच जागी सुरेख वळणाला एक कोपरा फुटतो. उसवायला अर्धा तास. उरलेल्या पट्टीवर मी ताणाची चाचणी घेतो. बॅटिंगचा तुकडा ठेवून दोन-चार वळणं शिवायची आणि खालून बोट फिरवून बघायचं. बोटाला टोचरे टिपके लागले तर वरचा दोरा खाली ओढला जातोय. बॉबिनचा ताण कमी करायचा किंवा वरचा वाढवायचा. ही परीक्षा गिऱ्हाइकाच्या क्विल्टवर घेऊ म्हणता?

आणि मग उरतं काय, तर पिनांची भोकं आणि चाचणीच्या वेड्यावाकड्या टाक्यांच्या पट्ट्या. त्या घडी करून क्विल्टबरोबर परत जातात. कुणी त्यातून नावाची चिठ्ठी करून मागे शिवतं, कुणी भिंतीवर टांगायला काठीची नळी करतं. बॅटिंगची कात्रणं मात्र बहुतेक जण नको म्हणतात. ती पोत्यात साठतात आणि गावातल्या कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यात गाद्या भरायला जातात. एवढाच काय तो घोटाळा.

खरं म्हणजे बाईंनी मला धरायचंच होतं तर दुसरीकडे धरायला हवं होतं. क्विल्टचं कापड साधारण ४२ ते ४४ इंच पन्ह्याचं येतं. ६८ बाय ८८ च्या अस्तराला ८८ इंचांचे दोन तुकडे जोडावे लागतात, म्हणजे ५ वार कापड. पण अस्तरासाठीच १०८ इंच पन्ह्याचं कापडही मिळतं. त्यात ८८ इंच आडवे आरामात मावतात आणि २ वारांत काम होतं, जोड न देता. समजा पहिलं १३ डॉलर वार आणि दुसरं २५, तर ६५ विरुद्ध ५०. कापडाचा कारभार बायको बघते, आणि ती गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे कागदावर लिहून देते. पाच वार खपवायचा मोह तिला होत नाही, असं ती म्हणते. तरी पुष्कळ जणी पाच वारच नेतात, कारण रुंद पन्ह्यात हवी ती छपाई मिळत नाही.

जोड द्यायचाच असेल तर दोन गोष्टी कराव्यात. जोडातली किनार कापून टाकायची. ती आवळून विणलेली असते, धुतल्यावर बाकीच्या कापडाइतकी आटत नाही आणि जोड चुणतो. आणि क्विल्ट चौकटीवर असा लावायचा की जोड रोलरला समांतर येईल. जोड उभा ठेवला तर प्रत्येक गुंडाळीत तो त्याच जागी येऊन बसतो, मध्ये उंचवटा चढत जातो आणि दोन्ही बाजूंचं कापड सैल पडतं. मग घडी शिवली गेली की बोट यंत्राकडे!

अस्तराला लोक कमी लेखतात याचा मला खरंच राग आहे. १९३० च्या मंदीत इथल्या शेतकरी बायकांनी पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांची अस्तरं केली. पोत्यावरची छापील अक्षरं कितीही धुतली तरी पुरती जात नसत, आणि आज जुन्या क्विल्टच्या पाठीवर ती पुसट दिसली की संग्राहक खूश होतात. केंटकीतल्या पादुका गावच्या मोठ्या प्रदर्शनात (हो, गावाचं नाव खरोखर तसंच वाचता येतं) क्विल्टला हात लावायची बंदी असते. पण पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका उभ्या असतात. त्यांना विनंती केली की त्या कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. जाणकार बायका तिथेच रेंगाळतात. याच पादुकात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या क्विल्टला सर्वोत्कृष्टचा मान मिळाला, तेव्हा हातशिलाईवाल्यांत केवढा गहजब झाला होता! त्यावर एक अख्खा भाग लिहायचाय.

पत्राच्या शेवटी बाईंनी विचारलंय की अस्तराला पलंगाची जुनी चादर चालेल का. जुनी, धुऊन मऊ झालेली साधी सुती असेल तर चालते, मी शिवतो. नवी, दाट विणीची, गुळगुळीत चादर मात्र मी घेत नाही. सुईला धाग्यांच्या मधून वाट मिळत नाही, ती धागे तोडत जाते, आणि काही धुण्यांनंतर टाक्यांच्या ओळीने भोकं दिसू लागतात. तोवर क्विल्ट बारशाला देऊन झालेला असतो.