पाडव्याच्या रात्री आकाशातून जळत काय गेलं? असा शोध लागतो

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याचा शनिवार. रात्री पावणेआठच्या सुमारास अकोला, मूर्तिजापूर, अमरावती या आपल्या पट्ट्यापासून पार चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशात जळते ठिपके एका रांगेत जाताना पाहिले. 'काय व्हय बाप्पा हे?' म्हणेपर्यंत व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागले. कुणी उल्का म्हणालं, कुणी मिसाईल, कुणी थेट एलियन.

उल्का नव्हती, हे व्हिडिओ पाहूनच सांगता येत होतं. उल्का सेकंदाला 11 ते 72 किमी वेगाने येते आणि बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा कचरा साधारण 7-8 किमी वेगाने, जवळपास आडवा येतो. म्हणून तो बराच वेळ दिसतो आणि त्याचे तुकडे एकामागे एक जळत जातात. (स्टारलिंकची रांगही अशीच भासते, पण तिला शेपूट नसतं.)

मग कचरा कुणाचा? त्या संध्याकाळी न्यूझीलंडमधून इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं, म्हणून आधी त्याच्यावर संशय गेला. पण त्याचा पहिला टप्पा तिथेच जवळ, समुद्रात पडतो. इथे कामी आली ती कक्षांची यादी. रडारने हजारो वस्तूंवर सतत नजर ठेवलेली असते. वेळ, जागा आणि दिशा कळली की त्या क्षणी तिथून काय जाणार होतं ते यादीत शोधायचं. डेटाबेसमधली क्वेरीच म्हणा ना! अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मार्ग जुळवून सांगितलं: फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा. तो त्याच सुमारास खाली येणं अपेक्षित होतं.

आणि पुरावा जमिनीवरही होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. पवनपारजवळ गोळा सापडला. रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्या अशा गोल असतात. काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ आले आणि तपासणीसाठी तुकडे घेऊन गेले. 1968 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असा तुकडा सापडला की रॉकेट सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं असतं. नुकसानभरपाईसाठी 1972 चा वेगळा करार आहे. भारत दोन्हींत सामील आहे.

त्या कड्याभोवती गर्दी झाली, ते मला जास्त भीतीदायक वाटतं. अशा टाक्यांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. तुकडा दिसला तर हात न लावता, सेल्फी न घेता पोलिसांना कळवा.

आकाशात काही दिसलंच तर झूम करू नका. फ्रेममध्ये टॉवर, झाड, घराचा कोपरा येऊ द्या, म्हणजे दिशा मोजता येते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असू द्या. आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, वेळ-जागेची नोंदही जाते. त्यामुळे मूळ फाइल डिलीट करू नका, पाठवायचीच झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.