भूलतज्ज्ञांमधील बर्नआऊट : बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

शस्त्रक्रिया म्हटली की सर्जनचे नाव पुढे येते. रुग्णाचा श्वास, रक्तदाब व हृदयाचे ठोके सांभाळणारा भूलतज्ज्ञ मात्र रुग्णाच्या स्मरणात क्वचितच राहतो. या व्यवसायातील मानसिक झीज हा आज जगभर चिंतेचा विषय झाला आहे. २०२४ च्या जागतिक भूलशास्त्र दिनाचा (१६ ऑक्टोबर) विषयही भूलसेवेतील मनुष्यबळाचे स्वास्थ्य हाच होता. ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ घडविणाऱ्या अध्यापकांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

संकल्पना

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये 'बर्नआऊट' हा शब्द या अर्थाने शास्त्रीय लेखनात आणला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार त्याची तीन अंगे आहेत : (१) भावनिक थकवा, (२) रुग्णाविषयी कोरडेपणा, (३) आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. साधा थकवा झोपेने जातो. बर्नआऊट सुटीहून परतताच पुन्हा जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न मानता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाची नीट हाताळणी न झाल्याने उद्भवणारी अवस्था मानले. म्हणजेच त्याचे मूळ व्यक्तीच्या मनोबलात नव्हे, कामाच्या मांडणीत शोधावे लागते.

कारणे

या कामात तासन्‌तास शांतता असते आणि एका क्षणात जीवनमरणाचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे लक्ष सैल सोडता येत नाही. रात्री-अपरात्रीची सिझेरियन व अपघातग्रस्त रुग्ण यांमुळे झोप मोडते. यश सर्जनच्या नावे जमा होते, दुर्घटनेत मात्र पहिला प्रश्न भुलीविषयी विचारला जातो. कोविडकाळात अतिदक्षता विभागाचा मोठा भारही याच डॉक्टरांवर पडला.

सीमाभागातील स्थिती

बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय असून तज्ज्ञ डॉक्टर शहरात एकवटलेले आहेत. तालुक्याच्या गावांतील लहान रुग्णालयांना बहुधा पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही. फोन करून बोलावले जाते. एकच डॉक्टर दिवसभर या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरतो. पाळी बदलायला सहकारी नसतो, बिकट प्रसंगानंतर बोलायलाही कोणी नसते.

निपाणी हा तंबाखूचा परिसर. धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात कफ अधिक असतो व भुलीत श्वासनलिका आकुंचन पावण्याचा धोका वाढतो. गुटखा-सुपारीने तोंड उघडणे कमी झालेल्या रुग्णाच्या श्वासमार्गात नळी घालणे कठीण जाते. अशा रुग्णाची पूर्वतपासणी आदल्या दिवशी होणे आवश्यक असते. ती मराठी, कन्नड किंवा उर्दू अशा रुग्णाच्या भाषेत आणि सवड काढून व्हावी लागते. पाठोपाठच्या केसेसमध्ये नेमकी हीच सवड राहत नाही.

परिणाम व उपाय

दमलेल्या मनाकडून औषधाच्या मात्रेत चूक होणे वा धोक्याची खूण उशिरा लक्षात येणे संभवते. म्हणून हा प्रश्न रुग्णसुरक्षेचाही आहे. रात्रपाळीनंतर सक्तीची विश्रांती, लांब शस्त्रक्रियेत मध्ये बदली माणूस, दुर्घटनेनंतर दोषारोपाविना चर्चा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाची साथ हे उपाय उपयुक्त ठरतात. लहान रुग्णालयांनी नियोजित शस्त्रक्रियांचे वार आपसांत वाटून घेतल्यास धावपळ कमी होईल. मानसिक आधारासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

समारोप

भूल-तंत्रज्ञांच्या व्यवसायाला २०२१ च्या केंद्रीय कायद्याने मान्यता दिली आहे. या अभ्यासक्रमात यंत्राच्या तपासणीबरोबरच दोन गोष्टी शिकविल्या जाव्यात : धोका दिसताच वरिष्ठांना स्पष्टपणे सांगणे आणि स्वतःचा थकवा न लपविणे. 'न झोपता काम करणारा तोच खरा कर्तव्यदक्ष' हा समज वर्गातच दूर झाला, तर विद्यार्थी व त्याचे भावी रुग्ण या दोघांचेही हित साधेल.