बरगड्यांआडची जागा

थर्टी-ऑट-सिक्स रायफलीची गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यात साडेतीन ते चार हजार ज्यूल ऊर्जा असते. आजच्या दमदार कंपाउंड धनुष्याचा बाण जेमतेम शंभरेक ज्यूल घेऊन निघतो. एवढ्याशा बळावर चारशे किलोचं ग्रिझली अस्वल किंवा सातशे किलोची आफ्रिकन रानम्हैस पडते कशी, हे जनावराच्या शरीररचनेतूनच कळतं. वस्तऱ्याच्या धारेचं पातं दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून गेलं की रक्तदाब कोसळतो आणि काही सेकंदांत जनावराचं भान हरपतं. तेच पातं हातभर मागे, पोटात शिरलं तर जनावर तासन्‌तास जगतं, वेदनेत आणि चवताळलेलं.

या विषयावर ज्याचं लेखन शंभर वर्षांनंतरही वाचलं जातं तो सॅक्स्टन पोप पेशाने शल्यचिकित्सक होता. धनुर्विद्येचा त्याचा गुरू मात्र वैद्यकाच्या जगाबाहेरचा. 1911च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये, एका कत्तलखान्याच्या आवारात, याही नावाच्या जमातीचा एकटा उरलेला माणूस सापडला. त्याच्या माणसांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी शोधून शोधून मारलं होतं. त्याचं नाव ईशी ठेवलं गेलं आणि त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं, पोप तिथलाच. ईशी आजारी पडला की पोप त्याला तपासायचा; धनुष्य कसं घडवायचं, सावजाच्या जवळ कसं जायचं हे ईशी पोपला शिकवायचा. 1916च्या मार्चमध्ये ईशी क्षयाने गेला.

त्याची विद्या पोपने प्रयोगाला लावली. एका पेटीत गुराची कलेजी भरली, वर हरणाचं कातडं ताणलं आणि पोलादी टोकाचे व ज्वालामुखीच्या काचेच्या टोकाचे बाण मारून पाहिले. काच पोलादापेक्षा खोल गेली. शरीरात बाणाची वाट धार उघडते, हे त्या पेटीने दाखवून दिलं.

ग्रिझलीबद्दल ईशीने सांगितलेली रीत मला फार महत्त्वाची वाटते. याही लोक अस्वलाभोवती आगीचं कडं करत. ते ज्याच्या अंगावर येई तो जळत्या लाकडाने त्याला थोपवी, बाकीचे बाण मारत, उघड्या जबड्यातही. एका बाणावर, एकट्या माणसाच्या नेमावर, त्यांचा भरवसा नव्हता.

1920 साली पोप आणि त्याचा साथीदार आर्थर यंग यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेससाठी ग्रिझली मिळवण्याची रीतसर परवानगी त्यांनी काढली होती. पहिल्याच चकमकीत मादी चालून आली आणि वाटाड्या नेड फ्रॉस्टला रायफल चालवावी लागली. पुढे एका रात्री यंगचा बाण नऊशे पौंडांहून जड नराच्या छातीतून गेला. सकाळी तो मेलेला सापडला. पोपच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक आहे, पण ही मोहीम पटत नाही. ज्या कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, तिथलीच ग्रिझली तेव्हा संपत आली होती आणि त्याच दशकात नामशेष झाली.

नेमाचा विचार जनावराच्या उभं राहण्यापासून सुरू होतो. ते आडवं, कूस दाखवून उभं हवं, किंवा किंचित पाठमोरं. मग बाण शेवटच्या बरगड्यांकडून शिरून तिरका पुढे, पलीकडच्या खांद्याच्या रोखाने जातो. हृदय छातीत खूप खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. त्यावर फऱ्याची आणि बाहूची हाडं येतात, म्हणून जवळचा पाय पुढे पडेपर्यंत थांबायचं. समोरून तोंड करून उभ्या अस्वलावर किंवा म्हशीवर बाण सोडायचा नाही. कवटीवर तर कधीच नाही.

म्हशीचं प्रकरण आणखी अवघड. तिच्या बरगड्या रुंद आणि दाट, कातडं जाड. अमेरिकन संशोधक डॉ. एड ॲशबी यांनी 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताल प्रांतात खऱ्या जनावरांवर बाणांच्या वेधाचा अभ्यास केला. जाड हाड फोडायचं तर बाण साधारण 650 ग्रेनचा, म्हणजे 42 ग्रॅमच्या वर हवा, पातं दुधारी आणि मजबूत हवं, असा त्यांचा निष्कर्ष. वेगाच्या मागे लागून हलके बाण विकणाऱ्या बाजाराला हे रुचणारं नव्हतं.

आणि सगळं बरोबर झालं तरी बाण जनावराला जागच्या जागी थांबवत नाही. ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटर वेगाने धावतं. पंचवीस मीटरचं अंतर दोन सेकंदांचंही नाही. फुप्फुसं फाटलेलं अस्वल तेवढ्या वेळात माणसाला सहज गाठतं. म्हणून शेजारी रायफलवाला उभा असतो, आणि तो नसेल तर ही शिकार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्नच मिटवला, ते चांगलं झालं.

बाण लागल्यावर लगेच धावत सुटायचं नसतं. जमिनीवर फेसाळ, गुलाबीसर रक्त असेल तर घाव फुप्फुसात आहे. बाणावर हिरवट घाण आणि दर्प असेल तर तो पोटात गेला. अशा वेळी काही तास थांबावं लागतं, नाहीतर जनावर उठून आणखी लांब जातं. अस्वलाचा माग तर फसवाच, कारण चरबी जखम बुजवते आणि दाट केस रक्त टिपून घेतात. आफ्रिकेतल्या बहुतेक शिकारतळांवर रक्ताचा थेंब सांडला की ते जनावर शिकाऱ्याच्या खाती धरतात, सापडो वा न सापडो. पैसे भरून सुटका मात्र होत नाही. जखमी म्हैस गवतात दबा धरून आहे हे माहीत असतानाही रायफली घेऊन तिच्या मागावर जावं लागतं.