गौरीचे मुखवटे आणि घराची आठवण

भाद्रपदात घरी आलेला मातीचा गणपती पाण्यात जातो आणि पुढच्या वर्षी नवी मूर्ती येते. त्याच दिवसांत येणाऱ्या उभ्या गौरींचं तसं नसतं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा त्यांचा तीन दिवसांचा मुक्काम. निरोपाला अक्षता टाकून त्यांना जागेवरून किंचित हलवतात, साड्या-दागिने उतरवतात आणि ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या महालक्ष्म्या त्या याच. कित्येक घरांत हे पितळी किंवा शाडूचे मुखवटे आजेसासूच्या काळापासून चालत आलेले असतात. जुनी भांडी, जुने फोटो माळ्यावर विसरले जातात. मुखवट्यांभोवतीच्या आठवणी मात्र ताज्या राहतात. माझ्या मते याचं श्रेय त्यांच्या जुनेपणाला नाही. ते दरवर्षी पेटीतून निघतात आणि घरच्यांच्या हाताखालून जातात, म्हणून ते लक्षात राहतात.

ही हाताळणी नीट पाहिली की मुद्दा पटतो. पितळी मुखवटा चिंचेने घासून लख्ख करावा लागतो. शाडूच्या मुखवट्याला पाणी चालत नाही; तो कोरड्या कापडाने हलकेच पुसायचा, भुवईचा रंग उडाला असेल तर बारीक कुंचल्याने रेघ पुन्हा ओढायची. मग लोखंडी स्टँडला साडी नेसवायची, निऱ्या टाचण्यांनी बसवायच्या, नथ अडकवायची. हे एकटीचं काम नाही. एक जाऊ पदर धरते, दुसरी टाचणी लावते आणि बोलता बोलता निघतं की ही साडी कुणी घेतली, नथीचा मोती कधी बदलला, सासूबाई निऱ्या कशा घालत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली हेच मांडलं होतं की आठवणींना चौकट पुरवतो तो कुटुंबासारखा समूह. पुढे मिहाय चिक्सेंटमिहाई आणि युजीन रॉशबर्ग-हॉल्टन यांनी शिकागोतल्या ८२ कुटुंबांमधल्या ३१५ जणांना घरातल्या जिव्हाळ्याच्या वस्तूंविषयी विचारलं. १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात दिसतं की वस्तू जपल्या जातात त्या किमतीपेक्षा माणसांच्या आणि आठवणींच्या धाग्यांमुळे.

यावर कोकणातून एक रास्त आक्षेप येऊ शकतो. तिथल्या अनेक घरांत पाणवठ्यावरचे खडे गौर म्हणून आणतात, कुठे तेरड्याच्या रोपांची गौर असते, आणि पूजा झाली की ती पाण्यात सोडतात. मागे काहीच उरत नाही, तरी सण पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मग वस्तूचं महत्त्व ते काय? खरं तर या उदाहरणाने माझं म्हणणं बळकटच होतं, कारण तिथेही आठवण टिकते ती दरवर्षीच्या कृतीमुळे. फरक इतकाच की खडे रीत जपतात आणि मुखवटे रीतीबरोबर माणसंही जपतात. पुन्हा ओढलेल्या भुवईत ती ओढणारीचा हात दिसतो. दरवर्षी नव्याने वेचलेल्या खड्यात तो दिसणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या जपणुकीचा भार बहुतेक बायकांवरच पडतो, आणि भाऊ वेगळे झाले की मुखवटे कुणी न्यायचे यावरून मनं दुखावतात. परंपरेच्या नावाखाली हे झाकून ठेवणं चूक आहे. पण त्यावरचा उपाय मुखवटे शोकेसमध्ये बंद करणं हा नाही. वापर थांबला की गोष्टी सांगायचं निमित्त थांबतं, आणि मग उरतो तो फक्त ऐवज. त्यापेक्षा गौरी पाळीपाळीने भावांकडे बसवाव्यात, ज्यांच्याकडे पाळी नाही त्यांनी आदल्या दिवशीच कामाला यावं. मुलींइतकंच मुलांनाही साडी नेसवायला शिकवावं. त्यात एखादी निरी चुकेल, शाडूचा टवकाही उडेल. तेवढी झीज सोसायला हवी. पुढच्या पिढीचा हात मुखवट्याला लागला, तरच त्याच्या आठवणीत तिची भर पडेल.