केसाहून पातळ मुलामा

हॅनोव्हरच्या कारखान्यात 1967च्या ऑगस्टपासून फोक्सवॅगन बसची दुसरी पिढी तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या बंपरची दोन्ही टोकं वळून दारांपर्यंत येत आणि तिथे त्यांची पायरी होई. चालक तिच्यावर पाय देऊनच वर चढे. ऑगस्ट 1972मध्ये हे सगळं बदललं. पायरी दाराच्या आत गेली, बंपर चौकोनी घडणीचा झाला आणि टक्कर झाली तर स्वतः चेपून धक्का गिळणारा पोलादी भाग त्याच्या मागे बसला. इंडिकेटरसुद्धा बंपरलगतची जागा सोडून वर, हवेच्या जाळीशेजारी गेले. जुनी बस पुन्हा उभी करणाऱ्याला बंपर निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न पडतो तो सालाचा. चुकीच्या सालाचा बंपर आणला तर गाडीचा चेहराच खोटा होतो.

दुसरा प्रश्न झळाळीचा. बंपर रंगवलेला घ्यायचा की क्रोमचा? क्रोमची निवड केली की आपण एका विलक्षण जगात पाऊल टाकतो.

बंपरवर आपल्याला दिसतो तो क्रोमियमचा थर बहुतेकदा अर्धा मायक्रॉनही जाड नसतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे शंभराहून जास्त थर मावतील! इतका पातळ थर पोलादाला पावसापासून वाचवणार तरी कसा? तो वाचवतच नाही. वाचवतं ते त्याच्या खालचं निकेल. क्रोमियम त्या निकेलला काळवंडू देत नाही, ओरखड्यांपासून जपतं आणि आपली निळसर चमक देतं.

कल्हई आपल्या ओळखीची आहे. पितळेच्या पातेल्यावरची कल्हई उडाली की आमटी कळकते. थर शाबूत तोवर सगळं ठीक. क्रोमच्या थरात मात्र मुळातच डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून पाणी आणि मीठ निकेलपर्यंत पोचतं आणि तिथे एक चिमुकली बॅटरीच सुरू होते: क्रोमियम शाबूत राहतं, निकेल झिजतं. भेग एकच असेल तर सगळा मारा त्या एका ठिकाणी होतो आणि पोलादापर्यंत भोक पडतं. मग पोलाद झपाट्याने गंजतं आणि वर तांबूस ठिपका उमटतो.

यावर धातुतज्ज्ञांनी काढलेली तोड पाहून मी थक्क झालो. त्यांनी भेगा बुजवल्या नाहीत, मुद्दाम वाढवल्या! हजारो सूक्ष्म भेगा असल्या की मारा विखुरतो आणि कुठेच खोल जात नाही. शिवाय निकेलचे थरही दोन देतात. वरच्या चकचकीत थरात थोडं गंधक असतं, त्यामुळे तो आधी झिजतो, आणि खालचा थर शाबूत राहतो. झीज खाली उतरण्याऐवजी आडवी पसरते. वरच्याने झिजायचं आणि खालच्याला राखायचं, अशी ही योजना.

स्टेनलेस स्टीलचा बंपर वेगळ्या वाटेने जातो. त्यात क्रोमियम वर चढवलेलं नसतं, अंगातच मुरलेलं असतं, किमान साडेदहा टक्के. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन संरक्षक पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो. त्याची चमक क्रोमइतकी निळसर नसते, हा फरक जाणकारांच्या डोळ्यांना लगेच कळतो.

मग घ्यायचं काय? मूळ बंपरचा पत्रा धड असेल तर तोच ठोकून सरळ करावा आणि नव्याने मुलामा द्यावा. गाडीच्या सांध्यांशी तो एकदा जुळलेला आहे. नवा घेतलात तर रंग किंवा मुलामा देण्याआधी गाडीवर बोल्ट लावून बघा. मुलाम्यानंतर भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं, तर गंजाला दार उघडून दिल्यासारखंच आहे. बंपरची मागची बाजूही विसरू नका. मुलाम्याच्या टाकीत वीज खोलगट जागी नीट पोचत नाही, म्हणून आतला थर विरळ राहतो आणि गंज बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. आतून चांगला रंग किंवा मेण लावलं की बंपरचं आयुष्य वाढतं.

मुलामा देणाऱ्याकडे गेलात की चमक किती येईल हे विचारू नका, पहिल्या दिवशी सगळेच बंपर चमकतात. निकेल किती मायक्रॉन चढवणार, ते विचारा. उन्हापावसात फिरणाऱ्या गाडीला तीस-चाळीस मायक्रॉन हवं.